एका मिनिटाचं काय घेऊन बसलात?

गाण्याला शब्द असतात, पिक्चरला स्टोरी असते. पण नुसत्या वाद्यावर वाजणाऱ्या साठ सेकंदांच्या ट्यूनकडे स्वतःचं असं काय असतं? बदलापूर-ऐरोली अप-डाऊन सांभाळून हे शिकायला निघालेल्या एका नोकरदार विद्यार्थिनीची ही हकीकत.

माझं पहिलं 'कंपोझिशन' नोकिया ३३१०वर झालं. हसू नका, तुमच्यातल्या काहींचंही तिथेच झालं असणार. बाबांचा फोन, त्यात 'कंपोझर' नावाचा ऑप्शन आणि एकेक बटण दाबून टाकायचा एकेक सूर. मी तेव्हा सहावीत होते, अंबरनाथला. दोन संध्याकाळी डोळे फोडून एक ट्यून जमवली आणि ती पुरी व्हायच्या आत फोनमधली जागाच संपली. बाबांनी तीच रिंगटोन वर्षभर ठेवली. फोन वाजला की उचलण्याआधी न चुकता म्हणायचे, "तुझा तुकडा अर्धाच राहिलाय गं."

'तुकडा' हा त्यांचा शब्द. तो त्यांच्याकडे कुठून आला, हे कळायला मला वीस वर्षं लागली. त्याबद्दल पुढे.

सध्याचं स्टेटस असं: मुक्काम पोस्ट बदलापूर, ऑफिस ऐरोली, काम म्हणजे इन्शुरन्स क्लेम्सच्या एक्सेल शीट्स. सोमवार ते शुक्रवार ठाण्याला गाडी बदलणं हाच माझा व्यायाम. शनिवारी मात्र मी तिसऱ्याच स्टेशनवर, उल्हासनगरला उतरते आणि एका कपड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या म्युझिक क्लासचा जिना चढते. क्लासमधली बाकीची मंडळी नववी-दहावीतली. त्यातला एक मला 'आंटी' म्हणतो. चालायचंच.

काय शिकतेस, असं कुणी विचारलं की पंचाईत होते. "गाणं?" नाही. "पेटी?" ती येते आधीपासून, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्यात. "मग?" एका मिनिटाच्या ट्यून्स बनवायला शिकतेय. शब्द नाहीत, गायक नाही, फक्त वाद्य. समोरचा दोन सेकंद थांबतो आणि म्हणतो, "अच्छा, म्हणजे रिंगटोन!"

आता रिंगटोनला तरी नावं का ठेवायची? ज्या नोकिया ट्यूनने एके काळी अख्खा डबा खिसे चाचपायला लागायचा, ती फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या 'ग्रान वाल्स'मधून उचललेली आहे, जेमतेम चार बार. २००२ साली ए. आर. रहमानने एअरटेलसाठी केलेली ट्यून अजूनही कुणी नुसती गुणगुणली तरी ब्रँड डोळ्यांसमोर येतो. आणि या सगळ्यांची आजी म्हणजे आकाशवाणीची सकाळची ट्यून. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, शिवरंजनीची आठवण करून देणारे चार सूर. ती केली वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने. नाझींच्या सावलीतून निसटून हा माणूस १९३४ मध्ये मुंबईत आला आणि पुढे इथल्या रेडिओवर संगीत विभाग सांभाळत राहिला. लाखो घरांत रोज पहाटे वाजलेली ट्यून आणि तिच्यामागचा माणूस कार्लोव्ही व्हारीचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला! त्याचं नाव आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? मलाही या क्लासला लागेपर्यंत नव्हतं.

'ये किसके लिए है?'

आमचे सर सिंधी. एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि सिंधी सहज नांदतात. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना या बराकींमध्ये जागा मिळाली आणि १९४९ साली सी. राजगोपालाचारींनी 'कल्याण कॅम्प'चं नाव बदलून उल्हासनगर केलं. कॅम्प नंबर मात्र सुटले नाहीत, रिक्षावाल्याला अजून नंबरच सांगावा लागतो. सरांची आजी त्या बराकीत लग्नाचे लाडे म्हणायची. लाडा म्हणजे सिंधी बायकांचं लग्नातलं गाणं. सर सांगतात, सामान तिकडेच राहिलं, लाडे तेवढे आले, कारण त्यांना ट्रंक लागत नाही.

सरांचा पहिला होमवर्कही त्यातूनच आला. घरातलं एखादं जुनं गाणं घे, शब्द काढून टाक आणि काय उरतं ते पेटीवर वाजव. मी आजीची जात्यावरची ओवी घेतली. शब्द काढल्यावर हातात चार सूर आले. तेवढ्यातच वर-खाली, वर-खाली. ओवी मी लहानपणापासून ऐकलीय, तिच्यात इतकी कमी चाल आहे हे कधी जाणवलंच नव्हतं. सगळं शब्द ओढत होते. सर म्हणाले, "आता कळलं? तुझ्या ट्यूनला शब्द नाहीत. म्हणजे ओढायला बैल नाही. गाडी स्वतःच चालली पाहिजे."

दुसऱ्या शनिवारी मी दुर्ग्यात एक ट्यून करून नेली. दुर्गा हा राग मला सेफ वाटतो. पाचच सूर आणि चुकीचं काही वाजवायला फारशी संधी नाही. ट्यून ऐकून सरांनी विचारलं, "ये किसके लिए है?" मला वाटलं, कुणाला डेडिकेट केलीय असं विचारताहेत. मी लाजून 'बाबांसाठी' म्हणाले. सर खो खो हसले. त्यांना वाद्य विचारायचं होतं. कारण पेटीचा सूर भाता हलतोय तोवर धरून ठेवता येतो, सतारीची तार छेडली की लगेच विरायला लागते, बासरीवाल्याला मध्ये श्वास घ्यावा लागतो. लांब धरलेला 'म' पेटीवर विसावा वाटतो, तोच तारेच्या वाद्यावर भोक वाटतो. सुरावट आधी आणि वाद्य नंतर, असा क्रम चालत नाही म्हणे. कोणाच्या हातात, कोणाच्या कानात, हे आधी ठरवायचं.

मग हिशेब. केरव्याच्या आठ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक आवर्तन चार सेकंदांचं, म्हणजे मिनिटात पंधरा आवर्तनं. बस, एवढंच भांडवल. त्यातली पहिली एक-दोन ऐकणाऱ्याचं लक्ष फोनवरून वळवण्यात जातात आणि शेवटची दोन संपवण्यात. मधली अकरा तुमची. क्लेम्सच्या कामामुळे मला एक्सेल हातातलं, म्हणून मी ट्यून्स त्यातच लिहिते. आठ कॉलम, पंधरा रो, एक सेल म्हणजे एक मात्रा, आणि खर्जातल्या सुरांच्या सेलला निळा रंग. (ऑफिसात एकदा ही शीट चुकून टीम लीडरला मेल झाली. त्याने रिप्लाय केला, "व्हॉट इज प प ध म?" मी लिहिलं, "ड्राफ्ट.")

त्या शीटमधल्या पहिल्या दोन ओळी इथे देते, कारण माझं जे काही शिक्षण झालंय ते यातच आहे. पहिली ओळ: रे म प ध, प – म –. दुसरी: प ध म रे, सा – – –. पहिली ओळ 'म'वर येऊन लोंबकळते, तुम्हाला काहीतरी विचारते. दुसरी 'सा'वर येऊन बसते, उत्तर देते. पाश्चात्त्य संगीतात याचे धडेच्या धडे असतात, पण आपल्याकडे प्रत्येक भावगीताचं धृपद हेच करतं. गंमत अशी की उत्तर फार लवकर दिलं की ट्यून तिथेच मरते. मी पहिल्या पाचही ट्यून्समध्ये दुसऱ्याच आवर्तनात 'सा'वर जाऊन बसले होते. परीक्षा देऊन देऊन लागलेली सवय, प्रश्न दिसला की उत्तर लिहून मोकळं व्हायचं.

आणि इथेच माझी पेटीची पुण्याई संपली. आम्ही शिकतो त्या गती, मग ती बाराव्या मात्रेवरून उठणारी विलंबित मसीतखानी असो की द्रुत रझाखानी, लिहून काढल्या तर एक-दोन आवर्तनांच्या असतात. पुढची अर्धा तास बढत वादकाची. आपली बंदिश म्हणजे बी, झाड वाजवणारा वाढवतो. म्हणून तर दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची गत आजही शिळी होत नाही. पण मला करायचं होतं ते उलट होतं: जे एकदाच सुरू होतं, कुठेतरी जातं आणि संपतं. त्याला नुसतं छान बी चालत नाही, पंधरा आवर्तनांत फळसुद्धा लागावं लागतं.

जिना आणि गाडी

माझ्या फसलेल्या ट्यून्सची यादी मोठी आहे, त्यातल्या दोनच सांगते. पहिली अंबरनाथच्या शिवमंदिरावर. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे देऊळ आमच्या जुन्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मंडपातून गाभाऱ्यात जाताना वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात आणि खाली पोचून मान वर केली तर शिखर अर्धवट, वर आकाश. लहानपणी मला ते फार भारी वाटायचं. म्हणून मी एक ट्यून केली, जी तारसप्तकातून एकेक सूर खाली उतरत खर्जात जाते आणि शेवटी एकदम वरचा षड्ज लागतो. आकाश! मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की मी लोकलमध्येच मैत्रिणींना ऐकवली. सर म्हणाले, "हा जिना आहे. ट्यून कुठाय?" ऐकणाऱ्याला देऊळ माहीत नसेल तर त्याच्या हाती उतरता सरगम लागणार, दुसरं काय.

दुसरी अर्थातच लोकलवर. बदलापूरला राहून ट्यून बनवणारा माणूस ती करणारच, जशी पहिली कविता पावसावर होते. गाडीच्या खडखडाटाचा ठेका धरायला मी दोन दिवस दारात उभं राहून रेकॉर्डिंग केलं. तेव्हा कळलं की तो ठेका आता फारसा उरलाच नाही! रूळ वेल्डिंगने जोडून लांबच्या लांब केलेत, त्यामुळे जुनी खटखट ऐकू येते ती कल्याणच्या आसपास गाडी रूळ बदलते तेव्हा. बाकी नुसती घरघर आणि पंखा. मी जी गाडी 'ऐकून' लिहीत होते, ती खरं तर सिनेमातली होती. त्यापेक्षा शेजारच्या जेन्ट्स डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ खरे, आणि ते रोजचे.

या दोन आपटींनंतर सरांनी माझ्यापुढे बेला बार्टोकचं 'मिक्रोकोस्मोस' ठेवलं. हा हंगेरीचा संगीतकार. १९२६ ते १९३९ या काळात त्याने पियानो शिकणाऱ्यांसाठी १५३ छोटे पीस लिहिले, सहा भागांत, आणि पहिले दोन भाग आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले. अगदी सुरुवातीच्या पीसमध्ये दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, पाच बोटांत मावणारी. काही तर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. आठवडाभर मी तेच वाजवत बसले. यात देऊळ नाही, गाडी नाही, काहीच 'दाखवलेलं' नाही. एक छोटीशी कल्पना घेऊन तिला हे जमतंय का, ते जमतंय का, असं बघितलंय, आणि बघून झाल्यावर सोडून दिलंय. पोरगं शिकतंय आणि बाप लिहितोय, हेही डोक्यात होतंच.

त्याच आठवड्यात एका रात्री बाबांनी माझी दुर्ग्यातली ट्यून ऐकली.

बेंजोवाले

आमचे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर होते, पण गणपतीत आणि लग्नसराईत त्यांची ओळख वेगळी: बेंजोवाले. ज्यांनी अंबरनाथ-बदलापूरकडची हळद पाहिलीय, त्यांना बेंजो पार्टी काय चीज आहे हे सांगायला नको. टेम्पोवर कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा, पुढे भोंगे आणि सगळ्यांच्या वर झणझणणारा बेंजो. नाव अमेरिकन असलं तरी हे वाद्य त्या गोल बँजोचं कुणी लागत नाही. १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी तारांच्या पेटीवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली, तेव्हा तिकडे ताइशो युग सुरू झालं होतं म्हणून त्याचं नाव ताइशोगोतो. आपल्याकडे येऊन ते बुलबुल तरंग झालं, पिकअप आणि अॅम्प्लिफायर लागल्यावर मिरवणुकीत उतरलं. २०१६ साली रवी जाधवने 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुखचा, तोवर या वादकांकडे मोठ्या पडद्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आमच्या घरातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. बेंजो माळ्यावर, पेटी हॉलमध्ये. 'शिकायचं तर शास्त्रोक्त शिक' असं आईचं म्हणणं, आणि तिचं चूक होतं असं आजही म्हणवत नाही; हळदीच्या रात्री दोन वाजता घरी येणाऱ्या माणसाची वाट तिनेच पाहिलेली. पण परिणाम असा झाला की मी मध्यमा पूर्ण झाले आणि एकदाही बाबांना विचारलं नाही की तुम्ही हे वाजवता कसं. मैत्रिणींना ते 'फॅक्टरीत आहेत' एवढंच सांगायचे. २००९ च्या गणपतीनंतर त्यांची पार्टी मोडली. मंडळांना डीजे हवा होता.

तर त्या रात्री बाबांनी माझी ट्यून ऐकली, म्हणजे मी फोन त्यांच्या कानापाशी धरला. ऐकून झाल्यावर विचारलं, "हे कशाच्या मध्ये वाजतं?"

"मध्ये म्हणजे? असंच. स्वतंत्र आहे."

"असंच कुठे काय वाजतं का?" म्हणाले. "आधी काय चाललंय, नंतर काय येणार, त्यावर तुकडा ठरतो."

आणि मग जेवण बाजूला ठेवून तासभर जे निघालं ते मला माहीतच नव्हतं. दोन गाण्यांच्या मध्ये पार्टी थांबली तर नाचणारी माणसं पांगतात. एक गाणं काळी एकमध्ये, दुसरं पांढरी चारमध्ये, एकाची लय संथ, दुसऱ्याची उडती. तिथून इथपर्यंत माणसांना न कळता घेऊन जायचं, पाऊण मिनिटात. त्यासाठी बाबांनी स्वतः तुकडे बांधले होते. कागदावर कधीच नाही. त्यांना नावंही होती. 'चढाचा' तुकडा, टेम्पो पहिल्या गिअरमध्ये असताना वाजायचा तो. 'भोंगा गेल्याचा', म्हणजे जनरेटर बंद पडला की नुसत्या ढोलकीवर, हळू. (विना अॅम्प्लिफायरचा बेंजो जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत जातो, त्यामुळे हा तुकडा मुद्दाम खालच्या सुरांत आणि भरपूर रिकाम्या जागा ठेवून. ढोलकी त्या जागा भरते.) आणि 'वळणाचा'.

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. बेंजो माळ्यावरून उतरवला. दोन तारा गंजून तुटलेल्या, बटणांखालच्या स्प्रिंगा बसलेल्या. उल्हासनगरच्या मार्केटमध्ये तारा मिळाल्या, स्प्रिंगा बॉलपेनांच्या लावल्या.

अडचण निघाली ती दुसरीच. वर्षानुवर्षं भोंग्यांच्या मागे दोन हातांवर बसून बाबांचे कान गेलेत. पूर्ण नाही. डॉक्टरांनी ऑडिओग्राम दाखवला तेव्हा ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा विहिरीसारखी खाली गेलेली. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानात हा खड्डा असाच पडतो आणि भरून येत नाही. बोलणं त्यांना समजतं, पण बेंजोच्या तारेचा 'टण्' ऐकू येत नाही, त्यामागचा घुमारा तेवढा येतो. मशीन लावलं तर संगीत पत्र्यासारखं वाजतं म्हणून काढून ठेवतात. म्हणजे ज्या वाद्यावर त्यांनी सगळं बांधलं, तेच आता त्यांना अर्धं ऐकू येतं. वाजवायला बसले की बोटं आपोआप जातात, मध्येच चुकतात आणि चुकलं हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळतं. पहिल्याच दिवशी तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यांनी पिक खाली ठेवला आणि बातम्या लावल्या.

त्यामुळे घाई आहे. पार्टीतले त्यांचे ढोलकीवाले गेले, कॅसिओवाले गावी. तुकडे एका माणसाच्या बोटांत शिल्लक आहेत. आत्तापर्यंत अकरा लिहून झालेत, एक्सेलमध्येच, प्रत्येकाची वेगळी शीट. लिहिताना माझ्या लक्षात आलं की यातला एकही तुकडा दुसऱ्या आवर्तनात 'सा'वर बसत नाही. बसून चालणारच नव्हतं, पुढे गाणं उभं होतं. तिहाईसुद्धा घेतात, पण हिशेबाने नाही. केरव्यात तीन मात्रांचा तुकडा तीनदा वाजवला की नऊ होतात आणि नववी मात्रा म्हणजे पुढची सम, हे मी बोटं मोजून शिकले. बाबांना आकडे विचारले तर म्हणाले, "पुढच्या पोराचा पाय कुठे पडतो ते बघायचं. तिथे ठेवायचं." सरांना हे सांगितलं तर त्यांनी पुढचा अर्धा तास क्लास बंद ठेवून मला सगळे तुकडे वाजवायला लावले. त्या 'आंटी' म्हणणाऱ्या पोराने शेवटी ऑक्टोपॅड जोडला.

वळणाचा

अकरातला अकरावा, वळणाचा, अर्धा आहे. शिवाजी चौकात टेम्पो वळायला लागला की हा सुरू व्हायचा, आणि संपायचा कसा ते बाबांना आठवेना. आठवडाभर आम्ही दोघं मागे लागलो. मग एके सकाळी चहा घेताना तेच म्हणाले, "अगं, त्याला शेवट नव्हताच. शेवट ड्रायव्हर करायचा. गाडी सरळ झाली की पुढचं गाणं."

सरांचं म्हणणं, तूच कर. मला दोन रात्री झोप आली नाही. एकीकडे वाटलं, हा त्यांचा तुकडा, त्यात मी हात कशाला घालू? जसा आहे तसा अर्धा लिहून खाली 'येथे गाडी सरळ होते' अशी टीप टाकून द्यावी. दुसरीकडे, ती गाडी आता कुठे आहे? बेंजोही नाही, मिरवणूकही नाही. खोलीत वाजवायचा तर तो कुठेतरी उतरवावाच लागेल. मी तीन शेवट केले. एक सरळ तिहाईचा, पाच-पाच मात्रांचे तीन तुकडे, मध्ये एकेक मात्रा विश्रांती, म्हणजे सतराव्या मात्रेला सम. दुसरा पुढच्या गाण्याच्या पट्टीत सरकून 'प'वर लोंबकळत सोडलेला. तिसऱ्यात फार काही नाही, मूळ सुरावटच दर आवर्तनाला एकेक सूर गाळत जाते, शेवटी ठेक्यावर दोनच सूर राहतात.

आणि हे सगळं बेंजोवर केलं नाही. पेटीवर, एक सप्तक खाली. तिथले सूर बाबांना स्वच्छ ऐकू येतात.

गेल्या रविवारी वाजवले. बाबा खुर्चीत, मी खाली पेटी घेऊन, आई ओट्यापाशी; पण कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तिने गॅस बारीक केला, हे मी पाहिलं. पहिला शेवट झाला, बाबा म्हणाले, "परीक्षेतला आहे." दुसरा झाला, काहीच बोलले नाहीत. तिसऱ्याला त्यांचा उजवा पाय हलायला लागला आणि डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर बटणं दाबायला लागली. मी एकेक सूर गाळत गेले. दोन सुरांवर आले आणि थांबणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबू नको," म्हणाले. "अजून एक आवर्तन. गाडी वळतेय अजून."